विद्यार्थी संसदेत विधेयकाचे स्थान : सहा दशकांचा मागोवा

सभागृहात आपल्या पक्षाच्या सदस्यांची उपस्थिती आणि मतदान सांभाळणाऱ्या प्रतोदांची चौथी अखिल भारतीय परिषद 1962 साली मुंबईत भरली आणि शिक्षणसंस्थांतून युवा संसद, म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेली अभिरूप संसद, भरवावी अशी शिफारस तिने केली. त्यानुसार 1966-67 मध्ये दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरू झाली, 1988 मध्ये केंद्रीय विद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा आली आणि 1997-98 मध्ये नवोदय विद्यालये व विद्यापीठे यांच्यासाठीही स्पर्धा सुरू झाल्या.

या काळात विद्यार्थी शपथविधी, तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यावयाचा प्रश्न, त्यावरील पूरक प्रश्न आणि अध्यक्षांच्या अनुज्ञेने बोलण्याची शिस्त उत्तम शिकले. परीक्षणाचा भरही शिस्त, कार्यपद्धतीचे पालन, प्रश्नांची निवड आणि वक्तृत्व यांवरच राहिल्याने विधेयक मात्र संहितेतील एक प्रवेश होऊन बसले. ते मांडले जाते आणि संमत होते, पण विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले क्वचितच असते. अमेरिकेतील शालेय वादसभांत 1938 पासून रूढ असलेल्या विद्यार्थी काँग्रेसमध्ये, म्हणजे तेथील अभिरूप कायदेमंडळात, विधेयकाचा मसुदा विद्यार्थीच आधी लिहून पाठवतात आणि जो कमी वेळा बोलला त्याला आधी संधी मिळते, ही पद्धत येथे अभ्यासण्यासारखी आहे.

विधेयकलेखनाचा वस्तुपाठ मात्र मुंबईतच आहे. परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वंशपरंपरागत वतन अधिनियमात दुरुस्ती करणारे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले. महारांना वतनाच्या, म्हणजे गावकामासाठी वंशपरंपरेने मिळणाऱ्या जमिनीच्या वा हक्काच्या, बदल्यात लादल्या गेलेल्या सेवेतून मोकळे होण्याची वाट मिळावी हा त्याचा हेतू होता. पण प्रवर समितीने, म्हणजे विधेयकाची छाननी करणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीने, त्याचे रूप इतके बदलले की 1929 मध्ये त्यांनी ते मागे घेतले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नाहीशी झाली ती 1958 च्या अधिनियमाने. मूळ हेतू दुरुस्तीत हरवत असेल तर विधेयक मागे घेणे हाही विधिकाराचा निर्णय असतो, हे कोणत्याही सरावाच्या संहितेत सापडत नाही.

विधेयकाला विस्तृत नाव, संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ आणि व्याख्या लागतात, त्यानंतर खंड येतात, जे कायदा झाल्यावर कलमे होतात. सोबत उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि शासनावर खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन जोडावे लागते. यांतील व्याख्या सर्वांत कठीण. माझगावच्या विद्यार्थ्याने आपल्या भागातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींवर, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा इमारतींवर, तीन खंड लिहून पाहावेत: भोगवटादार कोणाला म्हणायचे, इमारत धोकादायक आहे हे कोणी ठरवायचे, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा. 1969 चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आणि त्याची जागा घेणारा 1976 चा महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास (म्हाडा) अधिनियम शेजारी ठेवल्यास प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी घर असल्याचे ध्यानी येते आणि तेथे टाळ्या मिळवणारे भाषण उपयोगी पडत नाही.

म्हणून युवा संसदेच्या गुणपत्रिकेत विधेयकाच्या मसुद्याला स्वतंत्र गुण असावेत आणि मुंबईच्या शाळांनी त्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.