ट्यूनिंग केलं, मग फरक का दिसत नाही?

समजा, तुम्ही बाईकला बाहेरचा फ्युएल इंजेक्शन कंट्रोलर बसवला. तो कंपनीचा ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधे बसतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहील ते बदलतो. पेट्रोल ५ टक्के वाढवलंत आणि हिवरा आश्रम ते मेहकर एकसारख्या वेगाने गाडी चालवलीत. फरक शून्य! म्हणजे कंट्रोलर कुचकामी?

थांबा. एक्झॉस्टच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला कळवतो की पेट्रोल जास्त झालंय. ईसीयू ते कमी करून मिश्रण पुन्हा लक्ष्यावर आणतो: वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. तुमचा बदल झाला होता. यंत्रणेने तो पुसून टाकला.

पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू सहसा सेन्सरचं ऐकत नाही. ‘फरक नाही’ म्हणून आकडा वाढवत गेलात, तर तिथे प्लग काळा पडेल. कमी करत गेलात, तर इंजिन तापेल, पिस्टनही जाऊ शकतो.

तुमच्या संशोधनातही ‘परिणाम नाही’ असं लिहिण्याआधी विचारा: ही यंत्रणा स्वतःला सावरून घेते का? घेत असेल, तर निकालाबरोबर ती सावरासावरही मोजा. इथे ती ईसीयूच्या फ्युएल ट्रिममध्ये दिसते.