एमबीबीएसची इंटर्नशिप: ५२ आठवड्यांची वाटणी

शेवटची परीक्षा पास झालं की लगेच डॉक्टर, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मध्ये वर्षभराची इंटर्नशिप असते. २०२१च्या नियमांनुसार तिची वाटणी अशी:

🔹 कम्युनिटी मेडिसिन: १२ आठवडे
🔹 स्त्रीरोग-प्रसूती: ७
🔹 मेडिसिन, सर्जरी: प्रत्येकी ६
🔹 बालरोग: ३
🔹 हाडं, डोळे, कान-नाक-घसा, मानसोपचार, भूल, कॅज्युअल्टी: प्रत्येकी २
🔹 त्वचारोग, न्यायवैद्यक: प्रत्येकी १
🔹 आवडीचे विषय: ४

प्रत्येक पोस्टिंग म्हणजे नवं बिऱ्हाड! सर्जरीत ड्रेसिंग आणि टाके. मेडिसिनमध्ये रक्ताचे नमुने, रिपोर्टांमागची धावपळ आणि राउंडआधी बीपी-शुगरच्या नोंदी. लेबर रूममध्ये दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतो. तिथे भिस्त स्टेथोस्कोपवर आणि आजींना नीट विचारलेल्या प्रश्नांवर.

ज्युनियर्ससाठी दोन गोष्टी. नव्या वॉर्डात आधी इन्चार्ज सिस्टरांना भेटा. इमर्जन्सी ट्रे कुठे आणि कोणता फॉर्म कुणाकडे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि लॉगबुकवर सही पोस्टिंग संपायच्या आत घ्या. नंतर सर ओटीत आणि तुम्ही दाराबाहेर!

तुमची आवडती पोस्टिंग कोणती?