प्रेक्षक झाला सहभागी
अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित विषय नाही. तेथील विद्यापीठांचे फुटबॉल व बास्केटबॉलचे सामने लक्षावधी लोक दूरचित्रवाणीवर पाहतात. फुटबॉलचे किती सामने दाखवावयाचे, हे पूर्वी 'एनसीएए' ही राष्ट्रीय क्रीडासंघटना ठरवीत असे. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे नियंत्रण रद्द ठरविले आणि प्रक्षेपणांची संख्या वाढत गेली. तथापि, प्रेक्षक केवळ पाहणाराच राहिला होता. त्याला बोलते केले ते समाजमाध्यमांनी.

याचे बोलके उदाहरण म्हणजे महिला बास्केटबॉल. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी सॅन अँटोनिओ येथे आलेल्या महिला संघांना व्यायामासाठी डंबेल्सची एक लहानशी चळत व काही चटया मिळाल्या. पुरुषांसाठी मात्र इंडियानापोलिस येथे सुसज्ज व्यायामशाळा होती. जागा अपुरी असल्याचे कारण पुढे करण्यात आले. तेव्हा ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने शेजारची मोकळी जागा दाखविणारी छोटी चित्रफीत टिकटॉकवर प्रसृत केली. ती पाहता पाहता सर्वत्र पोहोचली. संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि थोड्याच दिवसांत साधनसामग्री आली. पुढे चौकशी झाली व २०२२ पासून महिला स्पर्धेतील संघांची संख्या पुरुषांप्रमाणेच ६८ करण्यात आली.

हे कसे घडते?

सामना दोन तास चालतो; परंतु त्यातील एखादी अप्रतिम फेक काही मिनिटांतच हजारो भ्रमणध्वनींवर दिसू लागते. सामना न पाहणाराही कुतूहलाने दूरचित्रवाणी सुरू करतो. देशभर विखुरलेले माजी विद्यार्थी घरबसल्या एकमेकांशी चर्चा करीत सामना पाहतात. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व लौकिकावर उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाल्याने तेही चाहत्यांशी थेट संपर्क ठेवू लागले.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ चा महिलांचा अंतिम सामना सुमारे ९९ लाख प्रेक्षकांनी पाहिला. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ८९ लाख झाली. पुरुषांच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक त्या वर्षी सुमारे १ कोटी ४८ लाख होते. महिलांच्या सामन्याने पुरुषांच्या सामन्यास मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ होय.

अर्थात, हे श्रेय एकट्या समाजमाध्यमांचे नव्हे. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिचा असामान्य खेळ आणि प्रमुख राष्ट्रीय वाहिनीने सोयीच्या वेळी केलेले प्रक्षेपण, हीही त्यामागील कारणे होती. क्लार्क व्यावसायिक खेळाकडे वळल्यानंतर २०२५ च्या अंतिम सामन्याची प्रेक्षकसंख्या सुमारे ८५ लाखांवर आली. शिवाय, याच माध्यमांतून पराभूत खेळाडूंवर अपशब्दांचा मारा होतो. पैजेत पैसे गमावलेले लोक त्यांना धमकावतात. विशीतील विद्यार्थ्यांच्या मनावर याचा आघात होतो, हे विसरून चालणार नाही.

समाजमाध्यमे खेळाची गोडी निर्माण करीत नाहीत; ती खेळातच असावी लागते. ती गोडी दूरवर पोहोचविणे आणि झाकलेली विषमता उजेडात आणणे, हे मात्र ती करू शकतात. सॅन अँटोनिओच्या त्या छोट्या चित्रफितीचे महत्त्व यातच आहे.