ठेवींचा आकडा नव्हे, प्रमाण पाहा

जळगाव-धुळ्याच्या सहकारी बँकांचे अहवाल सभासदांकडे येतात. लाभांश किती एवढे पाहिले की अहवाल रद्दीत जातो. आपले बरेच व्यापारी व्याज नको म्हणून फक्त चालू खाते ठेवतात. पण ती रक्कमही बँक कर्जाऊ देतेच. बँक बुडू लागली की ही अमानतही अडकते. म्हणून ताळेबंद वाचायला हवा, असे आम्हाला वाटते.

समजा, एका बँकेची मालमत्ता ६०० कोटी व नफा ३ कोटी. दुसरीची मालमत्ता १२० कोटी, नफा १ कोटी २० लाख. पहिलीचा नफा मोठा दिसतो, पण मालमत्तेशी त्याचे प्रमाण अर्धा टक्का आहे. दुसरीचे एक टक्का.

नफ्याआधी मात्र थकबाकी पाहावी. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज एनपीए ठरते. तरतूद वजा करून उरतो तो निव्वळ एनपीए. तो ३ टक्क्यांवर गेला की सावध व्हावे. मग भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मालमत्तेशी स्वनिधीचे प्रमाण. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या चौकटीत १०० कोटींपर्यंत ठेवींच्या नागरी बँकांना ते ९ टक्के, त्याहून मोठ्यांना १२ टक्के ठरले.

तुलना सारख्याशी सारख्याची करावी. जिल्हा बँक कापूस, केळीला पीककर्ज देते. तिथे थकबाकी हंगामावर मोजतात. गारपीट झाली किंवा कर्जमाफीची हवा उठली की वसुली थांबते. तिला सराफ बाजारात कर्ज देणाऱ्या नागरी बँकेशेजारी उभे करणे अन्यायाचे. त्यापेक्षा एकाच बँकेचे तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावेत.

अर्थात आकडाही खोटा असू शकतो. मुंबईच्या पीएमसी बँकेने मार्च २०१९ अखेर निव्वळ एनपीए सव्वादोन टक्क्यांच्या आत दाखवला होता. सप्टेंबरात तिच्यावर निर्बंध आले. सत्तर टक्क्यांवर कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते लपवले होते. एका कर्जदाराकडे किती रक्कम आहे, हे वार्षिक सभेत उभे राहून विचारायला सभासदाने का लाजावे?

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवी अडकल्या, २०१५ मध्ये अवसायक आला. बँकेतील ठेवींना, चालू खात्यासह, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही.