ऊन आणि नेत्रभिंग

उंच प्रदेशात हवा विरळ असते आणि सूर्याच्या जंबुपार किरणांना अडविणारे वातावरणही तेथे कमी असते. दर हजार मीटर उंचीमागे या किरणांचे प्रमाण सुमारे एक दशांशाने वाढते. तेव्हा डोंगरात राहणाऱ्यांना मोतीबिंदू अधिक होत असला पाहिजे, असा तर्क कोणीही करील. नेपाळात १९८०-८१ साली अंधत्वाची देशव्यापी पाहणी झाली, तिने हा तर्क उलटा ठरविला. जन्मभर एकाच ठिकाणी राहिलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांची नोंद तीत होती. तिच्या आधारे १९८३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, १८५ मीटर वा त्याहून कमी उंचीच्या गावांत मोतीबिंदूचे प्रमाण १,००० मीटरांवरील गावांच्या २.७ पट होते. उकल अगदी साधी निघाली. उंचावरील कित्येक गावांवर शेजारच्या पर्वतांची सावली पडते. सपाट तराईत ती कोठून मिळणार? दिवसाला सरासरी बारा तास ऊन असलेल्या गावांत, सात तास ऊन असलेल्या गावांच्या ३.८ पट मोतीबिंदू आढळला.

ज्या किरणांवर हा आरोप आहे, ते डोळ्यांना दिसत नाहीत. योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली रुप्याच्या क्षारावर त्यांचा परिणाम पाहिला आणि जांभळ्या रंगाच्या पलीकडेही काही आहे, हे दाखवून दिले. आता त्यांना अतिनील म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी सर्वांत आखूड लहरी वातावरणातच अडतात. पुढील काही डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, शोषून घेते. उरलेल्या, म्हणजे सुमारे ३०० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या, बहुतेक लहरी भिंग शोषते. त्यामुळे प्रौढ माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत त्यांचा अत्यल्प अंश पोहोचतो. दृष्टिपटलाचे हे रक्षण भिंग करते खरे, पण त्याची किंमत त्याला स्वतःलाच मोजावी लागते.

ती का, हे भिंगाच्या रचनेवरून कळते. त्वचेच्या जुन्या पेशी झडतात, पारपटलाच्या वरच्या थराच्याही झडतात. भिंगाची एकही पेशी झडत नाही. नवे तंतू बाहेरून चढत जातात आणि जुने आत दाबले जातात, जणू कांद्याचे पापुद्रे. अगदी मधला गाभा जन्मापूर्वीचा असतो. पारदर्शकता राहावी म्हणून या तंतूंनी आपले पेशीकेंद्रही टाकून दिलेले असते. साहजिकच बिघडलेले प्रथिन बदलून नवे घडविण्याची सोय त्यांच्यापाशी उरत नाही. भिंगात रक्तवाहिनीही नाही.

अतिनील किरण शोषले गेले की प्रथिनांतील ट्रिप्टोफॅनसारखे घटक विघटित होतात आणि प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे निर्माण होतात. क जीवनसत्त्व आणि ग्लूटाथायोन ही द्रव्ये त्यांना आवर घालतात. परंतु वय वाढते तसे ग्लूटाथायोन गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. दाटीवाटीने पण नीट मांडणीत असलेली प्रथिने मग एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. प्रकाश सरळ न जाता विखुरतो. उकडल्यावर अंड्याचा बलकाभोवतीचा भाग पांढरा होतो, त्यातही प्रथिनांचे असेच काहीसे होते. फरक एवढाच की येथे त्या क्रियेला अर्धे आयुष्य लागते.

बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने किंवा वेल्डिंगच्या ठिणगीने डोळे चुरचुरतात, पाणी येते, आणि एकदोन दिवसांत बरे वाटते. ती इजा पारपटलाची. भिंगाची इजा दुखत नाही, म्हणूनच ती कोणी मनावर घेत नाही.

अमेरिकेतील चेसापीक उपसागरावर मासे व खेकडे पकडणाऱ्या ८३८ कामगारांचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आयुष्यात किती अतिनील किरण झेलले, याचा हिशेब त्यात मांडलेला होता. तो आकडा दुप्पट झाला की भिंगाच्या बाह्य थरातील मोतीबिंदूचा धोका १.६ पट होई. गाभ्यातील मोतीबिंदूशी मात्र त्याचा संबंध दिसला नाही. म्हणून सगळा दोष उन्हावर ढकलणे बरोबर नव्हे. वाढते वय, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे यांचाही वाटा आहे. भारतात अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याची मोठी मदार मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर राहिली. ते योग्यच होते. पण झालेल्या शस्त्रक्रिया अहवालात भरता येतात, टळलेल्या मोतीबिंदूसाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो.

टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत. माथ्यावरच्या सूर्याला भुवई अडविते. बाजूने येणारा आणि पाणी, वाळू वा मिठागरावरून उसळणारा प्रकाश तिला अडत नाही. बाजूने शिरलेले किरण भिंगाच्या नाकाकडील कडेवर एकवटतात, आणि बाह्य थरातील मोतीबिंदूही पुष्कळदा नाकाकडील खालच्या भागात आढळतो. काळा चष्मा घ्यायचा तर तो अतिनील किरण अडविणारा आहे याची खात्री करावी. नुसत्या गडद काचेने बाहुली विस्फारते आणि हे किरण अधिकच आत शिरतात. मुंडाशाने शेतकऱ्याचे डोके निवते, डोळ्यांवर मात्र त्याची सावली पडत नाही. आसामातला शेतकरी बांबूची व पानांची रुंद काठाची जापी घालून शेतात उतरतो. त्या काठाची सावली थेट गालापर्यंत येते.