टर्कीचे डोळे, एल्कचं नाक आणि कर्जतचा नवरंग

कर्जत-खालापूरच्या डोंगरात पूर्वी शिकार व्हायची ती हाक्याची. पाड्यावरची ठाकर-कातकरी मंडळी डबे बडवत, आरोळ्या ठोकत एका अंगाने रान उठवायची. डुक्कर, भेकर, सांबर, जे निघेल ते पुढे खिंडीत बंदूक घेऊन बसलेल्याच्या समोर यायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे सगळं बंद झालं, निदान कागदावर. हाक्यात आवाजाचं काम जनावराला पळवण्याचं. अमेरिकेतल्या दोन गाजलेल्या शिकारींत मात्र नेमकं उलटं घडतं: शिकारी एका जागी बसून राहतो आणि आवाजाने जनावराला जवळ ओढतो. एक शिकार रानटर्कीची, दुसरी एल्क या भल्याथोरल्या हरणाची.

गोष्ट लांबची वाटेल, पण दोघांचे भाऊबंद आपल्या दारातच आहेत. टर्की रानकोंबड्याच्या कुळातली, एल्क सांबराच्या. कर्जतच्या माथ्यावरच्या भीमाशंकरच्या रानात रानकोंबडाही आहे आणि सांबरही.

टर्कीचा नर वसंतात पहाटे झाडावर बसल्या बसल्याच गरजायला लागतो. शिरस्ता असा की त्याने ओरडायचं आणि मादीने त्याच्याकडे चालत जायचं. शिकारी मादीचा आवाज काढतो, म्हणजे हा शिरस्ताच उलटा करू पाहतो. त्यासाठी साधनं तऱ्हेतऱ्हेची. झाकण घासून वाजवायची लाकडी पेटी, जिचं गिब्सन नावाच्या गृहस्थाने 1897 मध्ये पेटंट घेतलं. टाळूला चिकटवून वाजवायचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा रबरी पडदा. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी तिथले मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडातून हवा ओढून हा आवाज काढत.

गंमत पुढे आहे. नर उत्तर देतो, पुन्हा देतो, पण जागचा हलत नाही. त्याच्या हिशेबाने यायचं तिने. नवशिका शिकारी इथे आणखी जोराने वाजवत सुटतो आणि नर आणखी ठाम होतो. मुरलेला गप्प बसतो. मादी निघून चालली असं वाटलं की नर शोधायला निघतो, तोही पुष्कळदा चकार शब्द न काढता. आता सगळी परीक्षा डोळ्यांची. टर्कीचं नाक यथातथाच, पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं आणि रंगही उत्तम कळतात. शिकाऱ्याने विडी ओढली तर एक वेळ चालेल. मान वळवली की खेळ खलास.

एल्कचा माज सप्टेंबरात. त्याची साद ऐकली तर तीनशे किलोंचा प्राणी शीळ घालतोय यावर विश्वास बसत नाही. डेव्हिड रेबी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की नर एकाच वेळी दोन आवाज काढतो. एक दीडशे हर्ट्झच्या आसपासची गुरगुर आणि दुसरी 4,000 हर्ट्झपर्यंत चढणारी शीळ. शिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात: मादीसारखं हळू म्यावायचं, किंवा दुसरा नर बनून आव्हान द्यायचं. आव्हान ऐकून नर अंगावर येईलच असं नाही. प्रतिस्पर्धी फार दांडगा वाटला तर तो माद्यांना गोळा करून मुकाट दुसऱ्या डोंगराला जातो. एखाद्या गल्लीतल्या दादासारखंच हे, कुणाशी भिडायचं ते तोही पाहून ठरवतो.

आणि एल्क आला तरी सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून शिकारी जोडीने जातात. साद घालणारा मागे, नेम धरणारा बराच पुढे, त्या वळशाच्या वाटेवर. डोंगरात वारा दिवसभर एकसारखा नसतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली सरकते, ऊन तापलं की दरीतून वर चढते. ढाक-राजमाचीच्या दऱ्यांतही हेच चालतं, आणि हाक्यातली जाणती माणसंही वारा पाहिल्याशिवाय बंदूकवाल्याला बसवत नसत.

ओढून आणणारा आवाज आपल्याकडे अगदी नव्हता असं नाही. फासेपारध्यांचा पाळीव तित्तर प्रसिद्धच आहे. पिंजऱ्यातला तित्तर बोलतो, रानातला नर आपल्या हद्दीत हा कोण शिरला म्हणून भांडायला येतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतो. इथे कानाबरोबर डोळ्यांचीही खात्री पटवलेली असते, म्हणून तर ही युक्ती इतकी पक्की. जिम कॉर्बेटने 1938 मध्ये ठाकची नरभक्षक वाघीण गाठली ती वाघाचा आवाज काढून, तिला आपल्याकडे येऊ देऊन.

प्रेम आणि भांडण याशिवाय तिसरंही एक आमिष आहे, राग. जंगली पिंगळ्याचा आवाज काढा, दोन-चार मिनिटांत सुभग, शिंजीर, चष्मेवाले कलकलाट करत त्याला हुसकायला जमतात. भृंगराजाला ही विद्या न शिकवता येते. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात गुडेल आणि कोटगामा यांना आढळलं की तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो आणि त्या नकलांनी पाखरांचा मिश्र थवा आपल्याभोवती जमवतो. थव्याने उडवलेले किडे त्याला आयते मिळतात.

आता हीच विद्या कर्जतला मोबाइलमधून आली आहे. पावसाच्या तोंडावर नवरंग दक्षिणेकडून विणीसाठी इथे येतो. त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ सहज ऐकू येते. पक्षी मात्र पाचोळ्यात किडे उकरत असल्याने दिसायला महाकठीण. मग डबीएवढ्या स्पीकरवर त्याचीच शीळ वाजते आणि नर समोरच्या फांदीवर येऊन बसतो. फोटो मिळतो. टर्कीच्या शिकाऱ्याला गप्प बसावं लागतं, एल्कच्या शिकाऱ्याला वारा वाचावा लागतो. स्पीकरवाल्याला बॅटरी पुरते. माझ्या मते ही कला नव्हेच, आणि तिला पक्षीनिरीक्षण म्हणायलाही जीभ रेटत नाही.

तिने नुकसान किती होतं, हे मात्र छातीठोकपणे सांगण्याआधी थांबावं लागतं. इक्वेडोरमध्ये हॅरिस आणि हॅस्केल यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जातीच्या रेन पक्ष्यांच्या पाच गटांना 20 दिवस रोज पाच मिनिटं त्यांचंच गाणं ऐकवलं. सुरुवातीचा जोरदार प्रतिसाद बाराव्या दिवशी जवळपास मावळला होता. एका गटाने तर स्पीकरच्या जवळच घरटं बांधलं. म्हणजे पक्षी त्या आवाजाला दाद देईनासे होतात, टर्कीही देईनाशी होते. शिकाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे.

पण तिथे पाच मिनिटांनी आवाज बंद व्हायचा. इथे जूनच्या रविवारी एक टोळी उठते तोवर दुसरी येऊन बसलेली असते. नवरंगाचं गोल घरटं जमिनीवर किंवा खालच्या फांदीत असतं आणि अंडी नर-मादी दोघं मिळून उबवतात. नर त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फांद्यांवर फिरतो तेवढा वेळ घरट्याचा सगळा भार मादीवर येतो.