सर्जापूर रोडवरील एका नव्या पेशाचा मागोवा

पाळीव प्राण्यांचे छायाचित्रण हा उपजीविकेचा स्वतंत्र मार्ग बेंगळुरूच्या सर्जापूर रोडसारख्या परिसरात कसा रुजला, हे पाहताना लक्ष प्रथम कॅमेऱ्याकडे जाते. परंतु गेल्या दोन दशकांचा क्रम तपासला, तर या पेशाचे मूळ तंत्रापेक्षा वस्तीत अधिक सापडते. अगरा, बेळ्ळंदूर, दोम्मसंद्र असा आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता पूर्वी शेतांमधून जात असे. डोड्डकन्नेल्लीतील विप्रोचे मुख्यालय व आसपासच्या संगणक कंपन्यांमुळे वर्दळ वाढली, २००७ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिका स्थापन होऊन इकडची अनेक खेडी शहराच्या हद्दीत आली आणि जमिनींवर मोठाली गृहसंकुले उभी राहिली. पुण्या-मुंबईच्या मराठी अभियंत्यांसह येथे स्थिरावलेली कुटुंबे लहान, नातलगांपासून दूर आणि नियमित मिळकतीची होती; अशा घरांत कुत्रा राखणदार न राहता घरचा सदस्य झाला, आणि मग त्याचे वाढदिवस व त्याची छायाचित्रे ओघानेच आली.

याला जुनी परंपरा नव्हती असे नाही. ब्रायटनच्या हॅरी पॉइंटरने १८७० च्या दशकात मांजरांची छायाचित्रे काढून विकली आणि अमेरिकी कलावंत विल्यम वेगमन यांनी १९७० पासून आपल्या वायमारनर कुत्र्यांना केंद्रस्थानी ठेवून कारकीर्द घडवली. परंतु त्यांचा ग्राहक त्रयस्थ होता, तर सर्जापूर रोडवर प्राण्याचा पालकच ग्राहक असतो. भारतात या दोहोंच्या मधली पायरी जाहिरातीची होती. बेंगळुरूच्या निर्वाणा फिल्म्सचे प्रकाश वर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या २००३ मधील हच या मोबाइल सेवा कंपनीच्या जाहिरातीने पग जातीचा कुत्रा घरोघरी पोहोचवला. चपट्या नाकामुळे श्वसनाचा त्रास होणाऱ्या या जातीची मागणी त्यामुळे वाढली, हा त्या लोकप्रियतेचा दुर्दैवी भाग होय.

संकुलांतील व्यवस्थापक मंडळे आणि श्वानपालक यांचे तंटे मात्र चालूच राहिले. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले, तरी २०१८ मध्ये महापालिकेने सदनिकेमागे एकाच कुत्र्याची मर्यादा घालू पाहिली आणि तीव्र विरोध ओढवून घेतला. पालकांचे गट अशा वादांतून संघटित झाले, आणि छायाचित्रकाराला या गटांइतकी उपयुक्त जाहिरात दुसरी नसते.

तंत्राने जे सोपे केले ते २०१९ नंतर. सोनीने त्या वर्षी आणि कॅननने २०२० मध्ये प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर आपोआप केंद्रित होणारी, म्हणजे धावत्या कुत्र्याचाही डोळा रेखीव टिपणारी, सुविधा कॅमेऱ्यांत आणली. त्यामुळे स्पष्टतेचे कौशल्य स्वस्त झाले आणि प्राणी समजण्याचे महाग. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक दृश्य मध्यम करडे गृहीत धरतो, म्हणून काळा लॅब्राडॉर राखाडी दिसतो आणि प्रकाश मुद्दाम कमी घ्यावा लागतो, हे पुस्तकातून शिकता येते. परंतु वारंवार जांभई देणारा, ओठ चाटणारा, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणारा कुत्रा ताणाखाली आहे हे ओळखून काम थांबवणे सरावानेच जमते. प्रशिक्षक किंवा प्राणी-बचाव कार्यकर्ते म्हणून आधी वावरलेल्यांचे पारडे येथे जड असते.

हा सराव बहुधा विनामूल्य कामातून मिळतो. दत्तक देण्यासाठी ठेवलेल्या देशी कुत्र्यांची छायाचित्रे काढताना नवशिक्याला दर आठवड्याला नवा, घाबरलेला, अनोळखी प्राणी मिळतो, आणि स्वच्छ उजेडात, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले चित्र त्या प्राण्याला घर मिळवून देण्यास साहाय्य करते. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झाल्यावर अनेकांनी पिल्ले आणली आणि मागणी वाढली. तरी फोनमध्येच हजारो चित्रे साठवणारा पालक केवळ आणखी चित्रांसाठी पैसे मोजत नाही. तो मोजतो भिंतीवरच्या मोठ्या छापील चित्रासाठी, अल्बमसाठी, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या अखेरच्या महिन्यांतील नोंदीसाठी. नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने म्हणून महागडी लेन्स घेण्यापूर्वी वर्षभर एखाद्या प्राणी-निवाऱ्यात काम करावे, आणि तोवर लग्नसमारंभांची वा अन्य छायाचित्रणाची कामे सोडू नयेत.